रिकामा पाळणा हलवायचा नाही, मग हाताला काय काम? (सोलापूर, एप्रिलचं बाळ)

सातवा लागला

नमस्कार मंडळी. गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठला आणि मला सातवा लागला. तारीख एप्रिलच्या मध्यावरची आहे, म्हणजे सोलापुरात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही तेव्हाची. थोरली पाच वर्षांची. राहायला पूर्व भागात. माझं माहेर मराठी, सासर तेलुगू, भिंतीपलीकडे कन्नड. त्यामुळे सल्ले तिन्ही भाषांत मिळतात आणि तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध असतात.

मला शिवणाची आवड आहे, घरी मशीन आहे. थोरलीच्या वेळी मी माहेरी होते, सगळं आईनेच केलं. या वेळी मनात होतं की आपल्या हातचं काहीतरी करायचं. वाकळ शिवायची, कुंची आणि झबली करायची. सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेला सागवानी पाळणा माळ्यावर पडून आहे, तो नवरा नीट करतो म्हणाला. लेकीला बाळासाठी ‘पुस्तक’ करायचंय. एवढी जुळवाजुळव झाली आणि सासूबाईंनी विषय संपवला. बाळ घरात येईस्तोवर नवं कापड कात्रीखाली घालायचं नाही आणि रिकामा पाळणा हलवायचा नाही. ‘माळ्यावरनं खाली काढायचा म्हणजे हलणारच की,’ हे त्यांचं तर्कशास्त्र.

सासूबाईंशी माझं भांडण नाही, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात हा धागा कुठे पोचेल ते मला माहीत आहे. सकाळी मला उठायला जड जातं तर भाकरी त्याच थापतात, लेकीची वेणीही त्याच घालतात. मला त्यांना दुखवायचं नाही आणि दोन महिने नुसतं बसायचंही नाही. बसलं की डोक्यात नको ते विचार येतात.

तर त्यांचा शब्द न मोडता काय काय करता येईल? जुन्या कपड्याची वाकळ चालेल असं त्या अर्ध्या मनाने म्हणाल्यात. ती करायची कशी? एप्रिलच्या उन्हात बाळाला वाकळ लागेल तरी का? आणि तुमच्या घरी बाळ यायच्या आधी कोण काय करत बसलं होतं, तेही सांगा. तेच वाचायला जास्त आवडेल.

कडक भाकरी

आमच्या घरी मी बायकोचे डोहाळे पुरवत बसलो होतो. तिला रात्री अकराला शेंगाचटणी लागायची. तीही उखळात कुटलेली, मिक्सरची नाही. याला कलाकृती म्हणत असाल तर आमचं योगदान मोठं आहे.

अभिनंदन ताई. वाचतोय.

बाळीवेसकर

जुन्या कापडाची वाकळ नुसती चालते असं नाही, तीच खरी. आमची अव्वा तिला कौदी म्हणायची. तिच्याकडे बसून शिकलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

कापड सुती आणि वापरून मऊ झालेलं घ्या. मिश्र धाग्याची साडी नको, घाम शोषत नाही. आजीचं नऊवार सगळ्यात उत्तम, आणि आजोबांचं धोतर मिळालं तर त्याहून उत्तम. खळ असेल तर दोनदा धुवून काढा. मोठ्यांच्या वाकळेला पाच-सहा थर घालतात, बाळाच्या वाकळेला तीन पुरे. वर आणि खाली चांगले पदर, मधे तुकडे जोडून केलेला थर. मधल्या थराला रंग बघायचा नाही, जाडी सारखी हवी एवढंच. एका जागी तीन तुकडे एकावर एक आले की तिथे गाठ होते आणि सुई मोडते.

फरशी पुसून कापड अंथरायचं, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर तांब्या ठेवायचा आणि हाताने मधून बाहेर सुरकुत्या काढायच्या. मोठे टाके घालून सगळे थर एकदा धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचं. मधून सुरुवात केली तर कडेला कापड फुगतं. दोन ओळींत बोटभर अंतर. टाके सारखे नाही आले तरी चालतं, ओळ भरकटली नाही पाहिजे. चार कोपऱ्यांना अव्वा तिकोनी घडी केलेले तुकडे लावायची. का, ते विचारलं तर म्हणायची, ‘मोकळा कोपरा बरा दिसत नाही.’

सातव्या महिन्यात जमिनीवर वाकून बसू नका. पलंगावर पसरा, नाहीतर टेबलावर. आमच्याकडे पोटुशी बाई सुई धरायची नाही, ती फक्त कापड निवडायची आणि कुणी कुठे चुकलं ते सांगायची. सुई शेजारच्या बायका धरायच्या. दुपारची वाकळ म्हणजे अर्धं काम आणि अर्धी गल्लीची बातमीपत्रं. तुम्हीही तेच करा. सासूबाईंच्या हातात सुई दिलीत तर अर्ध्या मनाचं पूर्ण मन होईल.

वॉर्डातली सिस्टर

वाकळ जरूर करा, पण ती बाळाच्या अंगाखाली. अंगावर नाही. ही ओळ कुणाला आवडत नाही, तरी लिहिते. पहिलं वर्ष झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण, उशी, लोड काही नको. बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर. वाकळ जागेपणी खेळवायला, तेल लावायला, मांडीवर घ्यायला. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात, ती तर नकोच. डोक्याला आकार द्यायचा असेल तर जागं असताना थोडा वेळ समोर बसून पालथं घाला.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. जुनं कापड म्हणजे ट्रंकेतलं, आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला या गोळ्यांच्या वासाच्या कपड्यात गुंडाळलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून साड्या गच्चीवर वाऱ्याला टांगा, मग गरम पाण्यात धुवा. वास येतोय तोवर ते कापड बाळासाठी वापरायचंच नाही.

झबल्याला मणी, आरसे, टिकल्या नको. आतल्या बाजूला सुटे दोरे राहू देऊ नका. बाळाच्या बोटाला दोरा गुंडाळला जातो, बोट सुजतं आणि घरच्यांना रडण्याचं कारण कळत नाही. अशी बाळं आम्ही बघतो.

आणि एप्रिल. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बाळाला एक सुती झबलं आणि लंगोट बास. पंख्याला घाबरू नका, वारा थेट तोंडावर येऊ नये इतकंच. मान आणि पाठ हात लावून बघा, घामेजली असेल तर कपडे जास्त झालेत. खोली बंद करून शेगडी आणि धुरी करायची पद्धत आहे, ती माझ्या मते आता सोडावी. धूर बाळाच्या छातीला झेपत नाही. शेकायचंच असेल तर बाळंतिणीला गरम पाण्याने शेका.

सातवा लागला

सिस्टर, डांबरगोळ्यांचं वाचून उठले आणि ट्रंक उघडली. वास इतका की लेक म्हणाली, ‘संडासचा वास येतोय.’ सगळ्या साड्या गच्चीवर गेल्या.

बाळीवेसकर, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ‘तीन थर? आम्ही बोंता चार थरांचा करायचो,’ एवढंच म्हणाल्या आणि चष्मा शोधायला गेल्या. मला हे शुभचिन्ह वाटतंय.

धोटा

माझं घराणं मागावरचं, मी स्वतः पंधरा वर्षं यंत्रमागाच्या खटखटीत काढली. म्हणून आधीच सांगतो, कौतुकाने कुणी बाळाला सोलापुरी चादर देईल तर ती बाळंतिणीच्या पलंगावर घाला. आपली जेकॉर्डची चादर जाड सुताची, टिकायला केलेली. तिचं वजन तान्ह्या बाळाचं नाही. टॉवेल मात्र आपल्या गावचाच घ्या. सेकंड मालात कडेचा धागा चुकलेला, डिझाइन सरकलेलं असे टॉवेल स्वस्तात मिळतात, सूत तेच. आठ-दहा वेळा धुतले की अंग पुसायला झकास. आणि टॉवेल घेणं म्हणजे बाळाचं नवं कापड शिवणं नव्हे. घरात टॉवेल लागतातच, सासूबाई हरकत घेणार नाहीत.

पाळण्याबद्दल. जुना पाळणा म्हणजे जुना ऑइलपेंट. रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ सालचे. त्याआधीच्या रंगात किती होतं ते कोण सांगणार? तो रंग घरात बसून पॉलिशपेपरने घासायचा नाही. धूळ उडते, ती तुमच्या आणि थोरलीच्या पोटात जाते. मिस्तरींकडे टाका. पाणी लावून घासायला सांगा आणि परत रंग न देता नुसतं लाकूड ठेवा. सागवान आहे, त्याला रंगाची गरज नाही. गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मधे एकेक गज वाढवून घ्या, बाळाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. कड्या, साखळ्या नव्या. पाळणा बारशापर्यंत मिस्तरींकडेच राहील, म्हणजे घरात रिकामा हलायचा प्रश्न मिटला.

तर्कटराव

हे सगळं ठीक आहे, पण २१व्या शतकात ‘रिकामा पाळणा’ वगैरे आपण ऐकून का घेतोय? लाकडाच्या पाळण्याचा आणि जन्माचा संबंध काय? सासूबाईंना समजावून सांगा. गोड बोलून अंधश्रद्धा जगवण्यात काय अर्थ आहे?

कडक भाकरी

आला, आला. मी म्हणतच होतो अजून कसा आला नाही.

अबोली

तर्कटराव, संबंध काही नाही, बरोबर आहे तुमचं.

आमच्याकडे सगळं आणून ठेवलं होतं. कपाटाचा एक खण पूर्ण भरला होता, झबल्यांना इस्त्रीसुद्धा केली होती. आठव्या महिन्यात बाळ गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर तो खण कुणी उघडायचा यावर घरात कुणी बोलेना. शेवटी माझ्या चुलतसासूबाई आल्या आणि मी झोपले असताना सगळं घेऊन गेल्या. कुठे दिलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

आपल्या आज्यांच्या काळात हे घरोघरी होत होतं. त्यांनी तो खण रिकामा ठेवायची रीत पाडली. त्याला नाव काहीही द्या. पुढच्या वेळी मी काही आणलं नाही, ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. लेक झाल्यावर नवऱ्याने एका संध्याकाळी नव्या पेठेतून सगळं आणलं, काही अडलं नाही.

धागाकर्तीला घाबरवायला लिहिलं नाही, हं. सगळं छान होणार आहे. फक्त सासूबाईंना हे विचारा एकदा, की त्यांनी कुणाकडे काय पाहिलंय.

तर्कटराव

अबोली, माझ्या वरच्या प्रतिसादातला सूर तुमच्यासाठी नव्हता. मत बदललेलं नाही, पण समजावून सांगायच्या आधी विचारायला हवं, हे मान्य.

होटगी रोड

मी चित्रकला शिकवते, म्हणून लेकीच्या पुस्तकाबद्दल. पहिले काही आठवडे बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच बरं दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जेवढ्यावर असतो तेवढं. फिके गुलाबी-निळे रंग त्याला वेगळे ओळखू येत नाहीत. काळं-पांढरं मात्र येतं. तेव्हा लेकीला एक जाड काळा मार्कर आणि पांढरे पुठ्ठे द्या. मोठे, सोपे आकार. गुलाबी-निळ्याचा वादही त्यात मिटला. मुलगा की मुलगी हे आधी विचारायला आणि सांगायला आपल्याकडे बंदीच आहे.

विषय सोलापूरचे घ्या की. सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज काढायला किती सोपे, उभी काठी आणि वर सजावट, आणि ते सात असल्यामुळे लेकीची मोजणीही होते. किल्ल्याचा बुरूज, सिद्धेश्वर तलावातलं देऊळ आणि खाली पाण्यातलं उलटं देऊळ. माळढोक पक्षी काढा, नान्नजच्या अभयारण्यात तो प्रत्यक्ष दिसणं दुर्मीळ झालंय, चित्रात तरी असू दे.

आणि झबल्याचा एक विचार. यात्रेत नंदीध्वजाचे मानकरी जी पांढरी बाराबंदी घालतात, तिला बटण नसतं, बंद असतात. तान्ह्या बाळाचं झबलं तसंच असावं. पुढून एकावर एक येणारं, डोक्यावरून न घालता बाळाला निजवून हात सरकवायचे. बंद बोटभर लांबीचे, तेही कुशीला. गळ्याजवळ नको. जुन्या धोतराची चार झबली होतात. नवं कापड कात्रीखाली जात नाही, म्हणजे नियमात बसतंय.

सातवा लागला

सगळ्यांचे एकदम आभार.

अबोली, तुमचा प्रतिसाद वाचून दुपारी सासूबाईंजवळ बसले आणि विचारलं. त्या बराच वेळ चिंध्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, बारशाआधी गेली. ती गेल्यावर पाळणा बारा दिवस तसाच टांगलेला होता, काढायचं कुणाला सुचलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं. नवऱ्यालाही नीट माहीत नव्हतं. आता पाळणा माळ्यावरून खाली कसा काढायचा हा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्या आणि मी लेकीला घेऊन माहेरी चार दिवस जाणार, तेवढ्यात नवरा आणि दीर तो मिस्तरींकडे नेणार. ‘मी बघितलं नाही म्हणजे हलला नाही.’

वाकळेवर तोडगा चार थरांचा निघाला. सुई सासूबाईंची आणि शेजारच्या कन्नड काकूंची. काकू कडेपासून शिवतात, सासूबाई एका टोकाकडून सरळ ओळी घालतात, त्यामुळे अर्धी वाकळ चौकोनी आणि अर्धी पट्ट्यांची होतेय. मी पलंगावर बसून चुका दाखवते, त्या दोघी ऐकत नाहीत.

पुस्तकाची सहा पानं झाली. आजोबांनी हट्टाने एक पान साखर कारखान्याच्या चिमणीचं काढून घेतलं. ती २०२३ साली पाडली, बाळाला कधी दिसणार नाही, म्हणूनच पाहिजे म्हणे. लेकीने चिमणीवर चिमणी बसवलीय.

आता माझ्या हाताला काय? तर मला एक सुचलं. पाळणा टांगता येत नाही, पण पाळणा म्हणता येतो की. सातव्या महिन्यात बाळाला आईचा आवाज ऐकू येतो, आणि जन्मल्यावर तो ओळखीचा वाटतो, असं आमच्या डॉक्टरबाईही म्हणाल्या. यात कात्री नाही, कापड नाही, लाकूड नाही. सासूबाईंना विचारलं, त्यांना काही खोट काढता आली नाही. बारशाचा पाळणा पहिल्या दिवसापासून बाराव्यापर्यंत असतो, चाल सगळ्यांना येते. तीन कडवी जमलीत:

पहिल्या दिवशी उन्हाचा कहर,
धुऊन वाळलं आजोबांचं धोतर,
दुपट्यात निजलं सोलापूर शहर,
जो बाळा जो जो रे जो

दुसऱ्या दिवशी मागाचा ताल,
खटक खटक धोट्याची चाल,
झोपेत हसले बाळाचे गाल,
जो बाळा जो जो रे जो

तिसऱ्या दिवशी पाण्याची पाळी,
घागरी भरल्या सकाळी सकाळी,
ताईने काढली दारात रांगोळी,
जो बाळा जो जो रे जो

पुढची तुम्ही द्या. नऊ कडवी बाकी आहेत.

कडक भाकरी

‘पाण्याची पाळी’ वाचून डोळे भरून आले. तिसऱ्या दिवशी आलं म्हणजे नशीबवान बाळ आहे, आमच्या भागात हे कडवं पाचव्या दिवसाचं धरावं लागेल.

बाळीवेसकर

पाचवा दिवस पाण्याला देऊ नका, तो पाचवीचा. हे घ्या:

पाचव्या दिवशी पाटा नि वरवंटा,
कोऱ्या कागदावर नशिबाच्या वाटा,
सटवाईबाई, नको देऊ काटा,
जो बाळा जो जो रे जो

आणि वाकळेत अर्धे चौकोन, अर्धे पट्टे वाचून अव्वाला झीट आली असती. पण करा. जिथे दोन्ही शिलाया भेटतात तिथे एक उभी ओळ दुहेरी घाला, नाहीतर धुताना तिथेच उसवेल.

धोटा

सातवा माझा. (कंदा म्हणजे कन्नडमध्ये बाळ, बंगारम म्हणजे तेलुगूत सोनं.)

सातव्या दिवशी कुणी म्हणे कंदा,
कुणी बंगारम, कुणी गोविंदा,
तीन भाषांचा एकच धंदा,
जो बाळा जो जो रे जो

धोट्याची चाल ‘खटक खटक’ नाही, ‘खटाक्-खट’ असते. गाताना दुसरा ठोका आखूड ठेवा.

वॉर्डातली सिस्टर

चाल माहीत आहे पण मला यमक जमत नाही. तरी आठव्या दिवशी कुणीतरी ‘वरचं पाणी नको, मधाचं बोट नको’ हे बसवा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई मधाचं बोट घेऊनच येते, तेव्हा गाण्यातच सांगितलेलं बरं.

तर्कटराव

आठव्या दिवशी पाहुणे दारी,
मधाची बाटली ठेवा की बाहेरी,
आईच्या दुधाची न्यारीच न्याहारी,
जो बाळा जो जो रे जो

दुसऱ्या ओळीत मात्रा जास्त होतायत, कुणी सुधारलं तर हरकत नाही.

होटगी रोड

‘बाहेरी’ काढा. ‘मधाची बाटली परत माघारी’ करा. बसतं.

सातवा लागला

बसतंय. सासूबाई म्हणतात, आठव्याचं कडवं मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावा. चौथा, सहावा, नववा, दहावा आणि अकरावा अजून कुणी घेतलेला नाही. बाराव्याला नणंद स्वतः लिहिणार आहे, नाव ठेवायचा मान तिचा. वाकळेसाठी जाड सुती दोरा लागणार आहे. पांढराच घेऊ की रंगीत? रंग सुटणारा नको.

बाळीवेसकर

पांढरा. आणि सुई लांब नाकाची घ्या, सासूबाईंचा चष्मा वाचेल.